एका रोमानियन शब्दाचं आजोळ

आमच्या मराठी मंडळाच्या यंदाच्या दिवाळी स्मरणिकेत सदतीस आणि अडतीस या पानांवर माझ्या नावाने एक लेख छापून आला. त्यातलं माझं नाव तेवढं खरं आहे. बाकीचा मजकूर कोणी लिहिला हे मला माहीत आहे, पण त्या गृहस्थांचं नाव मी इथे घेणार नाही. घेतलं तर त्यांना तो सत्कार वाटेल.

मी अमेरिकेत, शिकागोलगतच्या नेपरव्हिल गावाजवळ, एका सार्वजनिक वाचनालयात काम करते. पुढे काउंटरवर नाही, मागच्या खोलीत. नवीन पुस्तकांची नोंद करायची, वर्ग ठरवायचा, पाठीवर चिठ्ठी चिकटवायची. शेजारच्या टेबलावर फाटकी पुस्तकं येतात. ती शिवणारी, चिकटवणारी बाई मूळची रोमानियाची. नऊ वर्षं आम्ही शेजारी बसतोय. आम्ही इंग्रजीत बोलतो, दोघीही आपापल्या गावच्या उच्चारात, आणि दोघींचंही असं मत आहे की दुसरीचं इंग्रजी समजायला जरा जड जातं.

तिची आई तिकडे डोंगराजवळच्या एका गावात अंथरुणाला खिळली होती. जेवणाच्या सुट्टीत ती आईला फोन करायची, कारण आपली दुपार म्हणजे त्यांची रात्रीची निजानीज. मार्चमधल्या एका दुपारी मी माझा डबा खात होते आणि ती फोनवर होती. रोमानियन ही लॅटिनची लेक, त्यामुळे कानाला ती इटालियनच्या नात्यातली वाटते. मला एक अक्षर कळत नव्हतं. मग त्या सगळ्या बोलण्यातून एकच शब्द लख्ख ऐकू आला. दुश्मान.

तिने फोन ठेवला आणि डोळे पुसले. एखाद्या सभ्य बाईने पाण्याचा ग्लास पुढे केला असता. मी विचारलं, "आत्ता तू दुश्मान म्हणालीस का?"

ती माझ्याकडे वळली. "माझी आई मरायला टेकलीय आणि तुला शब्द हवाय?"

"हो," मी म्हटलं. शरमून म्हटलं, पण म्हटलं.

ती हसायला लागली. रडता रडता हसलं की माणूस खोकतो, तशी खोकली. "भयंकर बाई आहेस तू," ती म्हणाली. मग पुस्तकं दुरुस्तीला येताना त्यांत जी पिवळी चिठ्ठी असते, तिच्या मागे तिने मला आईचं वाक्य लिहून दिलं. निच दुश्मानुलुई नुई दोरेस्क. दुखण्याबद्दल विचारलं की आई रोज हे एकच वाक्य बोलायची. असं दुखणं दुश्मनालाही येऊ नये.

मी चमचा खाली ठेवला. माझी आई शेवटची दोन वर्षं नागपुरात हेच म्हणत होती. दुश्मनावरही अशी वेळ येऊ नये. तोच शब्द, तीच तक्रार, आणि तक्रार करतानाही दुसऱ्याला सूट देण्याची तीच रीत. दोन म्हाताऱ्या एकमेकींपासून हजारो मैलांवर, एकीने दुसरीच्या देशाचं नाव ऐकलेलं नसणार.

पुढचे चार महिने मी त्या शब्दाच्या मागे होते. मूळ शब्द इराणातला, फार जुना. त्याचे दोन तुकडे आहेत: दुश् म्हणजे वाईट आणि मन म्हणजे मनच. ज्याचं मन वाईट तो दुश्मन. तो फारसीतून तुर्कीत गेला, आणि तुर्कांचा अंमल डॅन्यूब नदीपर्यंत पोचला तेव्हा त्यांच्याबरोबर रोमानियनांच्या तोंडात जाऊन बसला. तीच फारसी दुसऱ्या बाजूने सुलतानांच्या दरबारांतून दख्खनला आली आणि मराठीच्या तोंडात बसली. म्हणजे शब्दाच्या दोन लेकी दोन दिशांना दिल्या. माझ्या रोमानियन शेजारणीने एक बारकावाही सांगितला. शाळेच्या इतिहासात लढाईतल्या शत्रूसाठी वेगळा शब्द आहे, लॅटिन घराण्यातला, इस्त्री केलेला. कुंपण रात्रीत हातभर सरकवणारा शेजारी मात्र दुश्मानच.

संस्कृतातही हे दोन तुकडे आहेत, दुस् आणि मनस्. त्यांचा दुर्मनस् होतो. पण त्याचा अर्थ शत्रू नाही. दुर्मनस् म्हणजे ज्याचं मन खचलंय, जो उदास आहे तो. एकाच आजीचं सामान दोन बहिणींनी वाटून घेतलं. एकीने त्यातून वैरी घडवला, दुसरीने दुःखी माणूस. मला हे इतकं सुंदर वाटलं की मी लेख लिहिला, आणि तो मंडळाच्या स्मरणिकेला द्यायचा गाढवपणा केला. लेखाची सुरुवात शेजारणीच्या आईपासून होती आणि शेवटही तिच्यापाशीच.

सप्टेंबरात संपादकाने कॉल लावला. संपादक चाळिशीतला, पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, स्वभावाने वाईट नाही. कॉलवर अध्यक्षही होते. अध्यक्षांना बोलताना घसा खाकरून थांबायची सवय आहे, टाळ्यांना जागा राहावी म्हणून.

"काकू, आर्टिकल सॉलिड आहे," संपादक म्हणाला. "दोनच पॉइंट्स. एक म्हणजे तुर्क जरा जास्त झालेत."

"ते तिथे पिढ्यान्‌पिढ्या मानगुटीवर बसले होते. मी त्यांना एका परिच्छेदात बसवलंय."

"मूळ संस्कृतच ना शेवटी?" अध्यक्ष म्हणाले. "दुस्, मनस्. तुम्हीच लिहिलंय. मग मधल्या स्टेशनांची नावं कशाला?"

"ती मधली स्टेशनं नाहीत, तोच मार्ग आहे. आणि संस्कृत या शब्दाची आई नाही. मावशी आहे."

"अहो, मावशी म्हणजे आईसारखीच!"

कॉलवरचे सगळे हसले, आणि मी हरले हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"दुसरं म्हणजे," संपादक म्हणाला, "ते आजारी बाईंचं. दिवाळीच्या अंकात मरण नको, यार. अशुभ वाटतं लोकांना."

"त्या जिवंत आहेत."

"पण जाणार आहेत ना, काकू. तुम्हीच तसं लिहिलंय."

मी म्हटलं, एका शब्दालाही हात लावायचा असेल तर आधी मला दाखवा. त्याने नक्की दाखवतो म्हणून सांगितलं, प्रूफ मेल करतो म्हणाला. प्रूफ आलं नाही. मी मागितलं नाही. आयुष्यभर छापील कागदाच्या सोबतीत राहिलेली बाई प्रूफ मागत नाही, याला माझ्याकडे कारण नाही. घरी पाहुणे होते, एवढंच आठवतं.

ऑक्टोबरात शेजारणीची आई गेली. तिचं तिकीट गुरुवारचं होतं, आई मंगळवारी गेली. ती पोचली तेव्हा माती देऊन झाली होती. आठवड्याने परत येऊन ती टेबलावर बसली आणि एका मुलांच्या पुस्तकाची पाठ शिवत मला म्हणाली, "चाळिसाव्या दिवशी शिकागोच्या चर्चमध्ये प्रार्थना आहे. गव्हाचा प्रसाद करतात, त्याच्याजवळ आईचा फोटो ठेवणार. तुझा लेख पण ठेवायचाय."

"तो मराठीत आहे. तिथे कोणाला वाचता येणार नाही."

"मला तरी कुठे येतंय? तू ओळ दाखव, मी तिथे बोट ठेवीन. आईचा उल्लेख छापून कधी आला नाही. जन्माचा दाखला आणि पेन्शनचं कार्ड, एवढेच तिचे कागद. तिचं बोलणं छापलंय म्हटल्यावर माझ्या मावशा चाट पडतील."

मी वचन दिलं. शनिवारी दुपारी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम आहे, तिथेच स्मरणिका मिळेल, माझ्याबरोबर चल, म्हटलं.

कार्यक्रम एका शाळेच्या सभागृहात होता. ती काळ्या कपड्यांत आली, पायमोजेही काळे. दारात पैठण्या नेसलेल्या बायका अत्तर लावत होत्या. एकीने तिचा काळा पोशाख पाहून मला विचारलं, "थीम माहीत नव्हती का यांना?" मी तिला ही रोमानियाची आहे, दुखवट्यात आहे असं सांगितलं, तर ती "ओह, सॉरी" म्हणाली आणि तरी अत्तर लावलंच.

टेबलावरची एक प्रत उचलून मी सदतिसावं पान उघडलं. मथळा होता: रोमानियात निनादला संस्कृतचा जयघोष. खाली नकाशा. गंगेच्या काठावरून एक जाड भगवा बाण निघाला होता आणि थेट रोमानियात घुसला होता. वाटेतले इराण आणि तुर्कस्तान करडे करून टाकले होते, नावांशिवाय, अंगणातल्या फरशीसारखे. मजकुरात पूर्वज होते, ऋषी होते, जहाजं होती. रोमानियात ऋषी कुठल्या बंदरात उतरले ते दिलं नव्हतं. शेजारणीच्या आईच्या जागी एक वाक्य होतं: रोमानियन माता आजही लेकरांना संस्कृत शब्दांनी आशीर्वाद देतात. मी ते दोनदा वाचलं. दुश्मन या शब्दाने आशीर्वाद. खाली माझं नाव.

"कुठली ओळ?" तिने विचारलं. बोट तयार होतं.

मी पान उलटलं. परत उलटलं. मला वाटतं मी "थांब" म्हणाले. तेवढ्यात स्टेजवरून आधी मराठीत आणि मग इंग्रजीत पुकारा झाला. खास रोमानियाहून आलेल्या आपल्या भगिनीने सत्कारासाठी मंचावर यावं! ती रोमानियाहून नाही, बसने दोन गावं पलीकडून आली होती. पण तिला वाटलं मीच हे आईसाठी ठरवलंय. तिने माझा हात दाबला आणि ती उठून गेली. मी तिला थांबवलं नाही. मी अजून त्या भगव्या बाणाकडे बघत होते.

आमच्याकडे एखाद्या माणसाचं काय करावं हे सुचलं नाही की त्याचा सत्कार करतात. तिला शाल घातली, हातात नारळ दिला, त्यावर गुलाबांचा गुच्छ दिला, कुंकू लावलं. आईला जाऊन चाळीस दिवसही न झालेली लेक सगळं घेऊन ताठ उभी राहिली. अध्यक्षांनी घसा खाकरला आणि इंग्रजीत तिला तिच्या भाषेत दोन शब्द बोलायची विनंती केली.

ती माइकजवळ वाकली आणि आईचं वाक्य म्हणाली. सावकाश, एकेक शब्द सुटा करून. निच दुश्मानुलुई नुई दोरेस्क.

"ऐकलंत?" अध्यक्ष मराठीत गरजले. "दुश्मन! हजारो वर्षांनंतरही तोच शब्द! ही भगिनी सांगते आहे की आपलं मूळ एक आणि आपले दुश्मनही एकच!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. तीही टाळ्यांकडे बघून मान लववत होती.

मी स्टेजवर कशी गेले ते आठवत नाही. माइक माझ्या हातात होता हे आठवतं. मी चार मिनिटं बोलले. हा लेख माझा नाही, म्हटलं. शब्द फारसी आहे, तुर्कांनी पोचवला आहे, संस्कृतचा त्यात मावशीपलीकडे हात नाही. इथे हजर असलेली मंडळी ज्या खुर्च्यांवर बसली आहेत, तो हजर आणि ती खुर्ची अरबस्तानातून आलीय. तुम्ही या बाईंना पांघरलीत ती शालसुद्धा फारसी, श्रीफळ तेवढं तुमचं. मागच्या रांगा हसल्या. मला बरं वाटलं. मी मावशीचं आणखी एक उदाहरण घेतलं.

"काकू, प्लीज," संपादक कानाशी येऊन कुजबुजला, "मुलांचं लेझीम खोळंबलंय."

"माझ्या नावाने खोटं छापलंत तेव्हा काय खोळंबलं होतं?"

"आपण ऑफलाइन बोलू ना."

माइक बंद झाला. लेझीम सुरू झालं.

ती बाहेर दालनात एका बाकावर बसली होती. मांडीवर शाल, नारळ, गुच्छ. "तो काय म्हणाला?" तिने विचारलं. मी सांगितलं. लेखाचंही सांगितलं, नकाशा दाखवला. तिचा चेहरा हळूहळू बंद होत गेला.

"आणि तू काय म्हणालीस?"

मी तेही सांगितलं, शालीचा टोमणा धरून. खरं तर तो जरा रंगवूनच सांगितला.

"आईबद्दल काय म्हणालीस?"

मी स्मरणिका मिटली.

"चार मिनिटं बोललीस तू," ती म्हणाली. "इराण होतं. तुर्क होते. खुर्ची होती. ते माझ्या आईचं वाक्य आहे आणि ती मेलीय, एवढं बोलायला किती वेळ लागतो?"

अध्यक्षांनी तिच्या आईला पुसून शब्द ठेवला होता. मीही तेच केलं होतं, फक्त माझा शब्द बरोबर होता. मार्चमध्ये तिने फोन ठेवला तेव्हापासून मी हेच करत आले होते आणि ती ते हसण्यावारी नेत होती. माझी मलाच आली एवढी चीड अध्यक्षांचीही आली नव्हती.

तिने गुच्छातली फुलं मोजली. "बारा," ती म्हणाली. "आमच्याकडे सम संख्येची फुलं फक्त मेलेल्यांना देतात. आईचं नाव न घेता तुमच्या लोकांनी एवढं एकच बरोबर केलं."

मग तिने ती स्मरणिका हातात घेतली आणि आडवी धरून पाठ पाहिली, कामावर पाहते तशी. मध्ये दोन पिना. चाळीस पानं, घडी घालून टोचलेली. "हे आईजवळ ठेवायचं नाही," ती म्हणाली. "आणि कोणाच्या घरीही जाऊ द्यायचं नाही. किती प्रती उरल्यात?"

टेबलावर साठ-सत्तर उरल्या होत्या. मी पहिल्या प्रतीचं पान टरकवायला हात घातला तर तिने माझ्या हातावर चापट मारली. "फाडतेस काय? समोरचं पान सुटेल." पर्समधून तिने दुरुस्तीची चपटी पट्टी काढली, मधल्या पानावर पिनांचे पाय उचलले, आतले कागद बाजूला केले, बाहेरून दुसरा कागद अलगद काढून घेतला, बाकीचे जागेवर ठेवले आणि पाय परत दाबले. कोणाला पत्ता लागला नसता.

असं टोचलेलं पुस्तक असलं की एकाच कागदाचा अर्धा भाग पुढे येतो आणि अर्धा मागे. सदतिसाव्या पानाचा दुसरा अर्धा भाग म्हणजे तिसरं पान. तिसऱ्या पानावर फोटोसह अध्यक्षांचं मनोगत होतं.

"हेही जाणार," ती म्हणाली.

"जाऊ दे."

ती पिना उचलायची, मी कागद ओढायची, ती दाबायची. आत लेझीम संपून नाट्यगीत सुरू झालं. वड्यांच्या काउंटरवरची मावशी हात पुसत जवळ आली. "काय चाललंय गं?"

"चूक दुरुस्त करतोय."

तिने काढलेल्या कागदांचा गठ्ठा पाहिला, वरचा फोटो पाहिला. "दोन वर्षं मनोगतच वाचतेय याचं," ती म्हणाली. "चहा आणू दोघींना?"

मध्यंतर होईपर्यंत टेबल संपलं. ज्या प्रती आधीच लोकांच्या हातात गेल्या होत्या त्या गेल्या. त्यांचं काही करता आलं नाही आणि त्याची चीड अजून आहे.

दोन दिवसांनी अध्यक्षांचा फोन आला. "बऱ्याच अंकांत माझं मनोगत नाहीये. प्रिंटर म्हणतो त्याने छापलं होतं. तुम्ही त्या दिवशी टेबलाजवळ होतात म्हणे."

"होते. मीच काढलं. माझा लेख काढायचा होता, तुमचं मनोगत त्याच कागदावर होतं."

"हा गुन्हा आहे, काकू!"

"मग तक्रार लिहा. मात्र मला आधी प्रूफ दाखवा."

त्यांनी पुढच्या अंकात दुरुस्ती छापायची तयारी दाखवली, पण मृत्यूचा उल्लेख टाळून. मी फोन ठेवला. वर्गणी बंद केली.

चाळिसाव्या दिवशी मी चर्चला गेले. शेजारणीने बोलावलं होतं, पण एका अटीवर: मी काहीही समजावून सांगायचं नाही. मी एका साध्या कागदावर मोठ्या अक्षरात चार ओळी छापून नेल्या होत्या. शेजारणीची आई कुठे जन्मली, तिने काय काम केलं, ती काय म्हणायची, ती कधी गेली. रोमानियन, इंग्रजी आणि मराठीत. फारसीचं नाव नाही, तुर्कांचं नाही, मावशीचं नाही. साखर घातलेल्या गव्हाच्या थाळीत मेणबत्ती होती, शेजारी फोटो. तिने कागद फोटोला टेकवून ठेवला.

तिच्या नात्यातले एक काका चष्मा चढवून वाकले. कागद वाचून त्यांनी मला इंग्रजीत विचारलं, "हा शब्द तुमच्याकडेही आहे? म्हणजे आमचे प्राचीन पूर्वज तुमच्याकडे आले असणार. आम्ही फार जुने लोक आहोत, बाई."

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. तारखा, वाटा, तुर्कांची छावणी. शेजारणीने थाळीपलीकडून माझ्याकडे पाहिलं. मी ओठ मिटले, आणि खरं सांगायचं तर ते मला दुखलं.

"काका," ती म्हणाली आणि तिने त्यांच्या हातात वाटी दिली, "गहू खा." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आता तुझ्या भाषेत वाच. फक्त ती ओळ."

मी वाचली. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं होतं.